खोट्या राक्षसांचें वकीलपत्र

गेल्या पावसाळ्यांत कर्जत येथें एका व्याख्यानास जाण्याचा योग आला. विषय 'आजची पिढी आणि मोबाईल' असा होता. वक्ते व्यासंगी, वाणी ओघवती, आणि बाहेर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजांतूनही टाळ्या स्पष्ट ऐकूं येत होत्या. ज्या मातींत उंबरखिंडीचा पराक्रम घडला त्याच मातींतलीं मुलें आज रात्र रात्र जागून खोटे राक्षस मारीत बसतात, कधीं न पाहिलेल्या माणसांना मित्र म्हणतात, आणि शेवटीं त्यांच्या हातीं कांहींच उरत नाहीं, असा एकंदर त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. मीही सभ्यपणें टाळ्या वाजविल्या. परंतु घरीं परततांना मनाला टोंचणी लागली. कारण मी स्वतः खोटे राक्षस मारणाऱ्यांपैकीं आहें. पन्नाशी उलटलेला, चष्म्याचा नंबर वाढत चाललेला मी गृहस्थ रात्रीं नऊ वाजतां कानांना हेडफोन लावून संगणकासमोर बसतों, आणि माझ्या हातीं तलवार असते. आपल्यावरच चाललेल्या खटल्यांत आपण आरोपकर्त्यास टाळ्या दिल्या, त्याचें हें प्रायश्चित्त समजावें.

हा खेळ काय आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण त्या सभेंतील बहुतेकांनीं तो पाहिलेला नसावा. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन ह्यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोंवतीं चारपांच मित्रांनीं बसावयाचें. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर व्हावयाचें. एकानें कथा सांगावयाची आणि फांसे पडतील तसें त्या कथेनें वळण घ्यावयाचें. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्यांनीं अशाच कल्पित भुयारांचें जग संगणकावर उभें केलें. त्यांत चित्रें नव्हतीं, नुसते शब्द होते. पुढें चित्रें आलीं, आवाज आले, आणि २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नंतर तर लाखों माणसें अशा काल्पनिक मुलुखांत टोळ्या करून हिंडूं लागलीं. टोळीशिवाय ह्या खेळांत फारसें कांहीं साधत नाहीं, ही गोष्ट आक्षेपकांच्या ध्यानांतच येत नाहीं. एकानें पुढें उभें राहून राक्षसाचे घाव अंगावर घ्यावयाचे. त्याला टँक म्हणतात. एकानें मागें राहून त्याच्या जखमा भरून काढावयाच्या, तो हीलर. उरलेल्यांनीं मारावयाचें. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जत स्टेशनांत मागून इंजिनें जोडतात. खिडकींतून डोकावणाऱ्या उतारूला तीं दिसत नाहींत, आणि त्यांच्यावांचून गाडी लोणावळ्यास पोंचत नाहीं. हीलर हा प्राणी त्यांतला आहे.

आमची टोळी पांचांची. मी कर्जतला, शाळेंतला एक सोबती नेरळला, दुसरा नोकरीनिमित्त दुबईस, माझा भाचा खोपोलीस, आणि नेरळकरांची मुलगी, जी पुण्यास शिकते. पराक्रमाच्या दृष्टीनें पाहिलें तर आमच्याइतकी नादान टोळी त्या मुलुखांत दुसरी नसेल. खोपोलीचें जलविद्युत केंद्र १९१५ सालीं सुरू झालें आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. परंतु जुलैची पहिली मोठी सर आली कीं भाच्याच्या घरांतली वीज जाते. त्यांत दोष कोणाचा नाहीं, घाटाखालचा पाऊसच तसा. पण भाचा आमचा टँक आहे, आणि वीज नेमकी अजगरानें जबडा उघडला म्हणजे जाते. मग त्याचा योद्धा ढाल खालीं टाकून, मंद हास्य करीत, अजगराच्या तोंडापुढें लग्नांतल्या नवरदेवासारखा उभा राहतो. शुक्रवारीं हीलर संध्याकाळच्या गाडीनें घरीं यावयास निघते आणि गाडींतूनच खेळते. घाटांतला एकेक बोगदा आला कीं तिचें नेटवर्क तुटतें, आणि ती उजेडांत येईपर्यंत आम्ही चौघे मेलेले असतों. तिनें प्रत्येक वेळीं "सॉरी काका, बोगदा" म्हणावयाचें, आणि आम्हीं प्रेतांनीं "असूं दे" म्हणावयाचें, असा परिपाठ पडला आहे. नेरळकर स्वतः दर आठवड्याला एकाच लांकडी पुलावरून एकाच दरींत पडतात. त्यांच्या घरचा माइक नेहमीं उघडा असतो; त्यामुळें एका घनघोर युद्धांत आम्हां सर्वांना वहिनींचा आवाज ऐकूं आला कीं, "पानं वाढलीं आहेत; तुमचा राक्षस थांबेल, आमटी थांबायची नाही." आणि माझ्याविषयीं काय सांगावें? तीन महिने खपून टोळीनें मिळविलेली तलवार मीं चष्मा नसतांना एका दुकानदाराला तीन पावांच्या किंमतीला विकून टाकली. त्या रात्रीं कोणीं रागाचा शब्द काढला नाहीं. मात्र तेव्हांपासून मला सर्वजण 'शेठ' म्हणतात.

उंबरखिंडीचा उल्लेख वक्त्यांनीं केला, म्हणून तेंही सांगतों. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं खालापूर तालुक्यांतील त्या अरुंद वाटेंत कारतलबखान फौजेसह शिरला. वर झाडींत शिवाजी महाराजांचे लोक लपून बसले होते. फौज पुरती आंत येईपर्यंत ते थांबले, हीच त्यांची खरी करामत. शेवटीं खानाला शरण येऊन, खंडणी भरून निघून जावें लागलें. आमचा दुबईचा मित्र मांत्रिक आहे आणि खुणेची वाट पाहणें त्याच्या स्वभावांत नाहीं. त्यामुळें दहांपैकीं नऊ रात्रीं आमचा कारतलबखान होतो, हें मी कबूल करतों. परंतु थांबणें म्हणजे काय, पुढें गेलेल्या एकामुळें पांचजण कसे बुडतात, आणि बुडाल्यावर त्या एकाला बरोबर घेऊनच पुन्हां कसें निघावें लागतें, ह्याचें शिक्षण माझ्या भाच्याला खिंडीवरच्या निबंधांतून मिळालें नाहीं. तें येथें मिळालें.

आतां न पाहिलेल्या मित्रांविषयीं. नॉर्वेमध्यें मॅट्स स्टेन नांवाचा तरुण होता. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या जन्मजात रोगानें त्याला चाकांच्या खुर्चीला खिळविलें, आणि २०१४ च्या नोव्हेंबरांत, पंचविसाव्या वर्षीं तो गेला. आपल्या मुलानें एकाकी आयुष्य काढलें असें आईबाप समजत होते. त्यांनीं त्याच्या मृत्यूची वार्ता त्याच्या ब्लॉगवरून कळविली, तेव्हां खेळांतल्या सोबत्यांची पत्रांमागून पत्रें येऊं लागलीं, आणि कांहीं तर परदेशांतून अंत्यविधीस येऊन उभे राहिले. नॉर्वे आपणांस दूर वाटत असेल, तर कर्जतची गोष्ट सांगतों. २०२० च्या मार्चअखेर विमानें बंद झालीं आणि एप्रिलांत दुबईच्या मित्राची आई येथें वारली. त्याला येतां येईना. पुतण्यानें अग्नि दिला. मी मागें उभा होतों. त्या रात्रीं एक वाजतां तो खेळांत आला. आम्ही सर्व जागेच होतों. त्या मुलुखांत नदीकांठीं एक शेकोटी आहे, तिच्याभोंवतीं पांच बाहुल्या दोन तास बसून होत्या. कोणीं राक्षस मारला नाहीं, कोणी फारसें बोललेंही नाहीं. त्यानें एकच विचारलें, "आईला कोणतं लुगडं नेसवलं होतं?" मीं सांगितलें. ती शेकोटी खोटी होती, हें मला कोणीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

वेळ फुकट जातो, हा दुसरा आरोप. कर्जतहून मुंबईस जाणारा चाकरमानी रोज जातांयेतांना चार तास गाडींत काढतो, आणि त्यांतले निदान दोन मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते पिसण्यांत जातात. त्याला कोणी बिघडलेली पिढी म्हटलेलें मीं ऐकलें नाहीं. सभेंत पहिल्या रांगेंत बसलेल्या आजोबांपैकीं किती जणांनीं बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड गणिताच्या पुस्तकाखालीं लपवून वाचला असेल, तेंही मी विचारीत नाहीं. व्यसन लागतें हें खरें आहे. जागतिक आरोग्य संघटनेचें २०२२ पासून अमलांत आलेलें रोगांचें वर्गीकरण त्याची नोंद करतें. पण त्यांत तास मोजलेले नाहींत. ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टी मागें पडणें, नुकसान दिसत असूनही न थांबणें आणि हें बहुधा वर्षभर चालणें, हीं लक्षणें त्यांत सांगितलीं आहेत. अशा मुलाला उपचार हवे. त्याच्या घरच्यांना व्याख्यान ऐकवून काय होणार?

रात्रीं मोबाईल घेऊन जागणाऱ्या पोरांवर वक्त्यांनीं विशेष जोर दिला होता. त्या सभागृहाबाहेर पडून चौक गांवाचा रस्ता धरला कीं पुढें इर्शाळगडाचा सुळका दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्याच्या अंगावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले. सत्तावन्न माणसें सांपडलींच नाहींत. वाडीच्या शाळेंत मोबाईल घेऊन जागीं असलेलीं कांहीं पोरें वांचलीं आणि त्यांनीं इतरांना खबर दिली, असें त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आलें होतें. ह्यावरून खेळाची थोरवी गाण्याइतका मी निर्लज्ज नाहीं. परंतु त्याच तालुक्याच्या शेजारीं उभें राहून 'जागणारीं पोरें' हा शब्द तुच्छतेनें उच्चारतांना वक्त्यांची जीभ क्षणभर अडखळावयास हवी होती.

माझा खरा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. मनोराज्य आणि जुगार ह्या दोन गोष्टी एकाच काठीनें झोडपण्यांत जुगाराचें फावतें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यानें पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीचे सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे ठेवले. म्हणजे दिल्लीला जो भेद दिसला, तो आमच्या विद्वानांना कर्जतमध्यें दिसत नाहीं. त्याच महिन्यापर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर कोणत्या प्रकारच्या खेळाचें नांव झळकत होतें? तेव्हां दिवाणखान्यांत बसून, नातवंडांना मांडीवर घेऊन, त्याच छातीकडे पाहून टाळ्या कोण वाजवीत होतें? त्यालाही 'फँटसी' म्हणत असत! आमच्या खेळांतही हें विष शिरलें आहे, तें मी लपवीत नाहीं. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची, आंत काय निघेल तें नशिबावर सोडावयाचें. बेल्जियमनें २०१८ सालीं अशा पेट्या जुगारांत काढल्या. भाच्यानें एकदां पांचशें रुपयांच्या पेट्या फोडल्या आणि आंतून एक जांभळी टोपी निघाली. (तो ती अजून घालतो.) ह्या पेट्यांवर कोणी सभा भरविली तर अध्यक्षाची खुर्ची उचलावयास मी स्वतः येईन.

मुलांनीं मैदानावर जावें, हा उपदेश राहिला. जावें, अवश्य जावें. परंतु ज्या माळावर आम्ही विटीदांडू खेळलों तेथें आज तारेचें कुंपण आहे, कुंपणाआड कोणाचेंसें फार्महाऊस आहे, आणि मालक शनिवारीं मुंबईहून येतो. भाच्यानें चेंडू आणावयास आंत जाऊन पाहिलें. रखवालदाराचा कुत्रा हा आमच्या अजगरापेक्षां पुष्कळ खरा होता.

परीक्षा जवळ आल्यामुळें आमची हीलर महिनाभर रजेवर आहे, आणि तिची जागा रिकामी आहे. वक्तेमहाशयांनीं एक रात्र अवश्य यावें. नऊ वाजतां आरंभ; आमटीपुरती विश्रांति. पहिल्या रात्रीं ते त्या लांकडी पुलावरून पडतील. नेरळकर आधींच खालीं असतील. ते वाट दाखवितील.