आधी कपाट उघडा

गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी महापालिकेच्या अनुदानाचा अर्ज भरायला बसलो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वाटलं, तासाभराचं काम. संस्थेचं कपाट उघडलं आणि थबकलो. धर्मादाय आयुक्तालयातल्या नोंदीत अजून अशा विश्वस्तांची नावं होती, ज्यांच्या जनाज्याला मी खांदा दिलाय. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, हे कुणाच्या ध्यानीच नव्हतं. तीन वर्षांचं ऑडिटही राहिलेलं. अर्जाची मुदत टळली.

भेदभाव होतो, हे मी नाकारत नाही. अनुदान कुणाला, किती, कोणत्या निकषावर मिळालं, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, विचारायलाच हवं. पण आपलेच कागद अपुरे असतील, तर त्या प्रश्नाला धार उरत नाही.

घरपट्टी, पाणीपट्टी आपणही भरतो. अनुदान ही खैरात नाही, हक्क आहे. आणि हाती आलेला पैसा अमानत आहे.

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी बी.कॉम. असेल, कुणी कॉम्प्युटरवाला. या रविवारी आपल्या मोहल्ल्यातल्या संस्थेत जा आणि चाचांना अदबीनं म्हणा, "चाचा, जरा कपाट उघडू या."