सोळा बिया आणि २५६ अध्याय

नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा समाजात मूल जन्मलं, लग्न ठरायचं असलं किंवा दुखणं हटत नसलं, की अनेक जण आजही बाबालावोकडे, म्हणजे ‘इफा’ या भविष्यकथनाच्या विद्येच्या जाणकाराकडे जातात. तो समोर कोरीव लाकडी पाट मांडून त्यावर बारीक भुकटी पसरतो. सोळा पामबिया एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्या झटक्यात उचलतो. मागे एक बी उरली तर भुकटीवर दोन रेघा, दोन उरल्या तर एक. अशा आठ खुणा उमटल्या की २५६ ‘ओडूं’पैकी, म्हणजे अध्यायांपैकी, एक ठरतो.

खरी कसोटी पुढेच.

त्या ओडूतली कवनं बाबालावो तोंडपाठ म्हणू लागतो. प्रत्येक कवनात कुणाची तरी जुनी अडचण, त्याला मिळालेला सल्ला आणि तो मानल्याचा किंवा धुडकावल्याचा परिणाम. आलेला माणूस आपल्याला लागू पडणारं कवन ओळखतो. बरेचदा त्याने आपला प्रश्न आधी सांगितलेलाही नसतो! हे पाठांतर कमावण्यात गुरूकडे कित्येक वर्षं जातात.

गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांनी ही विद्या क्यूबापर्यंत पोचवली, आणि ती तिथे टिकली. युनेस्कोने २००५ मध्ये तिचा गौरव केला. एवढ्या मोठ्या मौखिक ग्रंथालयाला ‘जादूटोणा’ म्हणून मोकळं होणं हा सरळसरळ अन्याय आहे. या अंकातले आफ्रिकेवरचे लेख वाचताना तेवढा एक शब्द वाचकांनी बाजूला ठेवावा, ही विनंती.