पुढच्या वर्षी धंदा किती होईल? उत्तर जुन्या हिशोबात कसं शोधायचं?

खेळत्या भांडवलासाठी बँकेत कर्ज मागायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो: पुढच्या वर्षी विक्री किती होईल? अनेक जण मागच्या आकड्यात सरसकट २० टक्के वाढवून मोकळे होतात. 'सीए बघून घेईल' हेही ठरलेलं उत्तर.

पण या आकड्यावर बरंच काही अवलंबून असतं. नायक समितीच्या सूत्रानुसार, लघुउद्योगांना ५ कोटी रुपयांपर्यंतचं खेळतं भांडवल देताना अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के रक्कम धरली जाते. अंदाज फुगला तर कर्ज आणि व्याजही फुगतं. कमी धरला तर ऐन हंगामात कच्च्या मालाला पैसे कमी पडतात.

मग आकडा काढायचा कसा?

समजा, सोलापुरात टॉवेलचा एक छोटा कारखाना आहे. २०२२-२३ मध्ये विक्री ९० लाख, २०२३-२४ मध्ये १ कोटी २० लाख आणि २०२४-२५ मध्ये १ कोटी ६ लाख. वरवर पाहिलं तर धंदा घसरला.

पण २०२३-२४ मध्ये एका हॉटेलची २२ लाखांची ऑर्डर होती, जी पुन्हा आली नाही. ती वगळली तर त्या वर्षीची नेहमीची विक्री ९८ लाख. म्हणजे धंदा दरवर्षी साधारण ८ ते ९ टक्क्यांनी वाढतोय. पुढचा अंदाज १ कोटी १५ लाखांच्या आसपास. सरसकट २० टक्के धरले असते तर तो १ कोटी २७ लाख झाला असता.

लॉकडाऊनच्या वर्षाचंही तसंच. २०२०-२१ च्या पडलेल्या आकड्यावरून पुढच्या वर्षीची वाढ मोजली तर ती खोटी मोठी दिसते.

आता ताळेबंद पाहू. खरी गोम इथेच असते, आणि बहुतेक जण हे पान उघडतच नाहीत. याच कारखान्याची ग्राहकांकडची उधारी २०२२-२३ च्या अखेरीस १५ लाख होती, २०२४-२५ च्या अखेरीस २९ लाख. उधारीला विक्रीने भागून ३६५ ने गुणलं की कळतं, आधी पैसे सरासरी ६१ दिवसांत येत होते, आता १०० दिवस लागतात. विक्री वाढतेय, पण गल्ल्यात रोकड उशिरा येतेय. त्यामुळे नुसत्या विक्रीचा अंदाज पुरत नाही, वसुलीचाही लागतो.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे नफा-तोटा पत्रकातली विक्री जीएसटी वगळून असते, तर बँक खात्यात जमा होणारी रक्कम जीएसटीसह. दोन्हींची सरमिसळ केली की अंदाज चुकलाच.

डिजिटल पद्धत आल्यावर हे सगळं संपेल?

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सरकारी बँकांसाठी नव्या पद्धतीची घोषणा झाली. केवळ मालमत्ता किंवा उलाढाल न पाहता उद्योगाच्या डिजिटल व्यवहारांवरूनही पत जोखायची, असा तिचा गाभा. पण जीएसटी विवरणपत्रं आणि खात्यातले व्यवहार हासुद्धा मागचाच हिशोब. फरक इतकाच, की तो आता बँकेला थेट दिसतो.

सर्वात उपयोगी तपासणी मात्र फुकट होते. दोन वर्षांपूर्वी बँकेला दिलेला अंदाज काढायचा आणि प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवायचा. दरवेळी विक्री १० टक्क्यांनी जास्त धरली गेली असेल, तर यंदाच्या आकड्यातूनही तेवढी कात्री लावायची. बँकेचा अधिकारी हीच तुलना करतो, कारण दोन्ही कागद त्याच्या फाइलमध्ये असतात.