अकरा विजय, दोन पराभव आणि एकशे ब्याण्णव मतं

गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात राज्यशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर २८८ हा आकडा लिहून आम्ही विधानसभा समजावून सांगत होतो. मधल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, एक माणूस जास्तीत जास्त किती वेळा आमदार होऊ शकतो?"

आम्ही सांगितलं, वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत, मतदारयादीत नाव हवं. पण कितीदा निवडून यायचं, यावर राज्यघटनेनं बंधन घातलेलं नाही. लोक निवडून देतील तितक्या वेळा. यावर मागून एक मुलगा उठला. "सर, सांगोल्याचे एक आमदार अकरा वेळा निवडून आले होते. अब्बांच्या मोबाइलवर आलंय. वर्ल्ड रेकॉर्ड आहे म्हणे."

मोबाइलवर आलं की आमच्यातल्या मास्तराला स्वस्थ बसवत नाही. पुढचा सगळा तास आम्ही त्या माणसावरच घेतला. तो तास आज वाचकांसमोर ठेवत आहोत.

ते आमदार म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा त्यांचा मतदारसंघ. तालुक्यातले लोक त्यांना आबासाहेब म्हणत आणि पक्षातले लोक भाई गणपतराव. शेकापमध्ये लहानमोठा प्रत्येक कार्यकर्ता 'भाई'च. आमच्या घरांतून हा शब्द रोजचा, त्यामुळे मुलांना त्याची फार गंमत वाटली.

आधी विक्रमाचं पाहू. अकरा विजय खरे, पण जागतिक विक्रम नाही. तमिळनाडूचे करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा आमदार झाले, तेही एकदाही न हरता, मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. म्हणजे आपल्या देशातच याहून मोठे आकडे आहेत. मुलांना हे ऐकून जरा वाईट वाटलं. आम्ही म्हटलं, मोठेपण सांगायला खोटा आकडा लागत नाही. खरा आकडा नीट वाचला तरी पुरतो.

मग खरा आकडा फळ्यावर मांडला. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. हे अकरा विजय. मधे दोन खाचा आहेत, १९७२ आणि १९९५. हे दोन पराभव. मुलांनी बेरीज केली, सभागृहातली वर्षं पन्नासच्या वर गेली. एवढ्या काळात पक्ष एकच, मतदारसंघ एकच.

हे सोपं नव्हतं. शेकाप हा काही सत्तेच्या राजमार्गावरचा पक्ष नव्हे. एके काळी राज्यात त्याचा मोठा दबदबा होता, पुढं तो ओसरत गेला. २०१४ साली २८८ पैकी त्यांचे तीनच आमदार आले, त्यातले एक गणपतराव. इतकी वर्षं निवडून येणाऱ्या माणसाला मोठ्या पक्षांची दारं बंद नसतात. तरी ते गेले नाहीत. मंत्रिपद त्यांना दोनदा मिळालं, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दोन्ही वेळा ते शेकापचे म्हणूनच मंत्री झाले. बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर गेलं, काही काळ विरोधी पक्षनेते म्हणूनही. एसटीनं प्रवास करणारे आमदार म्हणून तर त्यांची ओळख राज्यभर होती. २०२२ आणि २०२३ साली महाराष्ट्रात पक्ष कसे दुभंगले, हे आजच्या मुलांनी पाहिलं आहे. 'सर, एकच पक्ष? शेवटपर्यंत?' असं त्यांनी दोनदा विचारलं, यात नवल नाही.

आता त्या दोन खाचांकडे येऊ. आमच्या मते या माणसाचा खरा धडा तिथं आहे.

१९७२ साली दोनदा आमदार झालेले गणपतराव काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यांना परत बोलावलं. १९९५ चा पराभव अधिक बोचरा. शहाजीबापू पाटील या काँग्रेसच्या तरुण उमेदवारानं त्यांना हरवलं. किती मतांनी? अवघ्या १९२. पंचवीस-तीस वर्षं आमदार राहिलेला माणूस एवढ्याशा मतांनी घरी बसतो तेव्हा संतापणं, रुसणं, पक्ष बदलणं, सगळं माणसासारखंच ठरलं असतं. गणपतराव मात्र तालुक्यातच फिरत राहिले. १९९९ मध्ये परत निवडून आले आणि पुढच्या तीन निवडणुकाही जिंकले. २०१४ चा विजय पंचवीस हजारांच्या आसपासचा होता. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच नव्हे, ऐंशीही ओलांडून गेलेलं होतं. समोर पुन्हा तेच शहाजीबापू होते.

कुणाला फरिश्ता करून टाकणं आम्हांला पसंत नाही. वर्गातल्याच एका मुलानं रास्त प्रश्न केला, "पन्नास वर्षं आमदार होते, मग तालुक्यात दुष्काळ का राहिला?" हाच प्रश्न त्यांचे विरोधक प्रत्येक निवडणुकीत विचारत आले. त्यात तथ्य आहे. सांगोला हा कमी पावसाचा मुलूख. टेंभू, म्हैसाळसारख्या योजनांतून कृष्णेचं पाणी या भागाला मिळावं म्हणून आंदोलनं झाली. १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी त्यांत पुढं होते आणि गणपतराव त्यांच्या बरोबर. पाणी आलं, पण फार उशिरा आणि सगळीकडे सारखं नाही. विरोधी बाकावरचा आमदार सरकारच्या मागे लागू शकतो, तिजोरीची किल्ली त्याच्या हाती नसते, हे एक उत्तर झालं. दुसरी बाजू अशी की त्याच तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली, बायकांची वेगळी सूतगिरणी निघाली, माळरानावर डाळिंबाच्या बागा पिकल्या. हिशोबाच्या दोन्ही बाजू लिहायच्या आणि मग मत द्यायचं. सांगोल्याच्या मतदारांनी अकरा वेळा असा हिशोब करून 'हो' म्हटलं आणि दोनदा 'नाही'. आमच्या दृष्टीनं हा विक्रम जितका आमदाराचा, तितकाच मतदारांचा आहे.

२०१९ मध्ये वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. जिंकले शहाजीबापू पाटील, पुढं 'झाडी-डोंगारा'मुळे घराघरांत पोचले तेच. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी. २०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापतर्फे निवडून आले. आजोबांचं नाव उमेदवाराला दारापर्यंत घेऊन जातं. पुढचा हिशोब नातवाला स्वतःच द्यावा लागेल.

आता मुख्य गोष्ट. १९२ मतं म्हणजे नेमकी किती? एका मतदान केंद्रावर साधारण हजार-बाराशे नावं असतात. म्हणजे एका केंद्राचा पाचवा-सहावा हिस्सा. आपल्या मोहल्ल्यातली एक गल्ली. आणि हे काही जुनंच उदाहरण नाही. २०२४ मध्ये मालेगाव मध्यला मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यातला फरक होता १६२ मतांचा. दोघांच्या बाजूनं लाखाच्या वर मतं पडली आणि निकाल लागला एका गल्लीएवढ्या फरकानं. कोण जिंकायला हवं होतं, हा इथं मुद्दा नाही. त्या दिवशी 'माझ्या एकट्याच्या मतानं काय होतंय' म्हणून जी मंडळी घरी थांबली, ती १६२ पेक्षा कितीतरी जास्त असणार.

हे लिहिताना आम्हांला आमचीच चूक आठवते आणि मान खाली जाते. निवडणुकीच्या कामावर आम्ही अनेक वर्षं जात आहोत. लोकांची नावं शोधून देतो, चिठ्ठ्या वाटतो. आणि एका निवडणुकीत आमच्याच अम्मी केंद्रावरून परत आल्या. घर बदलल्यावर नाव नव्या पत्त्यावर घ्यायला हवं होतं, ते आम्ही आज-उद्या करत राहिलो होतो. संध्याकाळी ड्यूटीवरून घरी आलो तेव्हा त्या बुरखा घडी करून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "मेरा नाम काट दिया क्या, बेटा?" कुणी कापलं नव्हतं. मुलगाच विसरला होता. त्या रात्री आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

आपल्या घरांत हे फार होतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. लग्नानंतर आडनाव बदलतं, पत्ता बदलतो. एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर नुसतंच नाव. उर्दूतलं नाव मराठीत एक होतं, इंग्रजीत दुसरं. भाषा शिकवणारे म्हणून आम्ही सांगतो, नावाचं एकच लेखन ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा.

काम अवघड नाही. नवं नाव घालायला नमुना ६, पत्ता किंवा नावातली दुरुस्ती करायला नमुना ८. ऑनलाइन भरता येतो, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे द्यावा. १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. सतरा पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज करून ठेवता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच यादी उघडून पाहावी.

तास संपताना आम्ही मुलांना घरचा अभ्यास दिला. आपल्या आमदाराचं नाव, तो कितव्यांदा निवडून आला, किती मतांनी, पक्ष किती वेळा बदलला, आणि आपल्या भागासाठी त्यानं केलेलं एक काम व न केलेलं एक काम. शेवटची ओळ अशी की घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का, हे स्वतः पाहून लिहायचं.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. आमदाराची माहिती बहुतेकांनी बरोबर लिहिली होती. शेवटच्या ओळीत मात्र चौदा मुलांनी लिहिलं होतं, 'दादीचं नाव सापडलं नाही', 'भाभीचं नाव माहेरीच आहे', 'अम्मीच्या नावात चूक आहे'. एका वर्गात चौदा. असे तेरा-चौदा वर्ग धरले की सांगोल्याचे १९२ भरतात.

वाचक भगिनी-बंधूंनो, हाच घरचा अभ्यास आम्ही आपल्यालाही देत आहोत. वही तपासायला आम्ही येणार नाही. अम्मींचं नाव आता यादीत आहे, आणि या वेळी ते आम्ही स्वतः दोनदा पाहिलं आहे.