आधी फुगडी, मग अंतराळ

शुभांशू शुक्ला २०२५च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्या निमित्ताने ‘वजनरहित अवस्थेत मेंदूला हालचाल आणि दिशा कशी कळते, हे मुलांना शिकवा,’ असे म्हटले की कोणी नाही म्हणत नाही. कर्जत-खालापूरच्या आदिवासी ठाकुरवाड्यांचे नाव काढले की मात्र सूर बदलतो. एक पक्ष म्हणतो, तिथे वाचनाचीच मारामार, हे चोचले कशाला? दुसरा पक्ष उदार. तो म्हणतो, प्रयोगशाळा नाही तर पोरांना इमॅजिका या मनोरंजन उद्यानात नेऊ.

वाचन आधी, हे मान्यच. पण या धड्याला लागतो एक तास आणि मुख्याध्यापकांची फिरती खुर्ची. मुलाचे डोळे बांधा, खुर्ची एकाच वेगाने फिरवा आणि ज्या बाजूला फिरतोयस तिकडे अंगठा दाखव म्हणा. २०-३० सेकंदांत अंगठा डळमळतो, मग सरळ उभा राहतो; मुलाला वाटते, थांबलो. खुर्ची खरोखर थांबवली की अंगठा उलट बाजूला! वर्ग खिदळतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. गिरकीचा वेग बदलला तरच त्या खबर देतात, एकसारखा राहिला की गप्प. फुगडी सुटल्यावर अंगण फिरते ते म्हणूनच. वाडीतल्या मुलींच्या हे अंगवळणी आहे. शाळा मात्र पाच ज्ञानेंद्रिये घोकून घेते आणि तोलाचे हे इंद्रिय गाळून टाकते.

इमॅजिकाच्या तिकिटांआधी एक गैरसमज काढावा लागेल. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, हे साफ खोटे. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. स्थानक सतत पृथ्वीभोवती पडत असते आणि आतला माणूसही त्याच्यासोबत पडतो, म्हणून वजन जाणवत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, टोपण न लावता उंचावरून सोडा: पडत असेपर्यंत धार बंद! तीन मीटरांवरून जेमतेम पाऊण सेकंद मिळतो, पण पोरांची नजर तेवढी तेज असते.

आता खरी गंमत. कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कणही असतात. डोके कलले की ते सरकतात आणि ‘खाली’ कुठे ते मेंदूला कळते. अंतराळात कलण्याची ही खबर बंद पडते, नळ्या गिरक्या कळवत राहतात, डोळे तिसरेच सांगतात. मग मळमळ. १९६१ साली सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव यांना ती झाली, पुढे कितीकांना. दोन-तीन दिवसांत मेंदू डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवू लागतो. डोळ्यांचा हा वरचष्मा पाहायला कर्जत स्टेशन पुरे: शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असे वाटते. दिवसागणिक जुळवून घेणे मात्र वर्गात दाखवता येत नाही, सांगावेच लागते. इमॅजिकातही दिसत नाही.

तेव्हा गुरुजींनो, येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुठ्ठ्याचे रॉकेट राहू द्या. कार्यालयातली खुर्ची मैदानात काढा.