पोटावरची पट्टी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोका खाली आला. आत राखाडी रंगाचा टीव्ही गेम, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट, सगळे जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. नव्हता तो फक्त एलिमिनेटर, म्हणजे त्याचा पॉवर अडॅप्टर. पुतण्याने बाजारातून एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन असलेली वायर आणली आणि मोबाइलच्या चार्जरला जोडली. लाल दिवा मिणमिणला, पडदा काळाच राहिला. “काका, गेम मेला,” तो म्हणाला.

गेम मेला नव्हता. त्याला नऊ व्होल्ट हवे होते आणि मिळत होते पाच. आमच्या बुऱ्हाणपुरातल्या जामा मशिदीजवळच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या उस्तादांनी खोके उघडून दाखवले, तेव्हा हे डोळ्यांनी दिसले. आत 7805 नावाचा तीन पायांचा एक काळा तुकडा आहे. बाहेरून येणारी वीज तो पाच व्होल्टवर आणतो आणि पुढे चिपला देतो. पण त्यासाठी त्याच्या तोंडाशी निदान सात व्होल्ट लागतात. पाचच आले तर पुढे साडेतीनच्या आसपास पोचतात. तेवढ्यावर दिवा लागतो, खेळ लागत नाही. नऊ आले तर उरलेले चार व्होल्ट उष्णता होऊन जातात, म्हणूनच त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि अर्ध्या तासाने तिला बोट लावले की चटका बसतो.

उस्तादांचा पहिला प्रश्न मात्र साधा होता. “एलिमिनेटरवर काय लिहिलं होतं?” आम्हाला सांगता आले नाही. या सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. निन्तेंदो कंपनीचा फॅमिकॉम हा टीव्ही गेम जपानमध्ये 1983 साली आला. त्याच्या नकला पुढे आपल्याकडे गावोगावी विकल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर विजेबद्दल एक अक्षरही नसे. व्होल्ट, अँपिअर, मधली पिन प्लस की मायनस, हे सारे छापलेले असे ते एलिमिनेटरवर. एलिमिनेटर जळला, फेकला गेला, आणि त्याच्याबरोबर माहितीही गेली. मागे राहिले ते एक धडधाकट, पण मुके यंत्र.

अशा यंत्राला काय द्यायचे हे अंदाजाने ठरवणे महागात पडते. मूळ फॅमिकॉमला दहा व्होल्ट डीसी लागतात आणि त्याची मधली पिन मायनस असते. आज घरात पडलेले गोल पिनचे अडॅप्टर, वायफाय राउटरचे वगैरे, बहुतेक मधली पिन प्लस असलेले. पिन बेमालूम बसते आणि वीज उलटी जाते. त्याच कंपनीच्या एनईएस या अमेरिकी गेमचा अडॅप्टर तर नऊ व्होल्ट एसी देतो. त्या यंत्रात एसीचे डीसी करणारा भाग आतच आहे, म्हणून त्याला डीसी कोणत्याही बाजूने दिले तरी चालते. पण तोच एसी अडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉमची कायमची सुट्टी. कंपनी एक, खेळ तेच, भूक वेगळी.

इथे आजच्या यूएसबीचा खरा उपयोग आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. टाइप-सी चार्जरमध्ये पॉवर डिलिव्हरी असेल तर तो सुरुवातीला पाचच व्होल्ट देतो. जोडलेल्या उपकरणाने मागितले तरच नऊ, पंधरा किंवा वीसवर जातो. जुन्या गेमला हे मागणे कुठून येणार? म्हणून बोटाच्या पेराएवढी एक छोटी पाटी मिळते, तिला ट्रिगर बोर्ड म्हणतात. ती गेमच्या वतीने चार्जरकडे नऊ व्होल्ट मागते. चार्जरला नऊ देता येत नसतील तर पाचच येतात आणि गेम लागत नाही, नुकसान काही नाही. पण पाटीवरचा बारीक स्विच चुकून वीसवर राहिला तर त्या तीन पायांच्या तुकड्याला पंधरा व्होल्टची उष्णता पचवावी लागते. म्हणून पाटी आधी मल्टीमीटरवर मोजायची, मगच गेमला लावायची.

काही कारागीर 7805 काढून टाकतात आणि यूएसबीचे पाच व्होल्ट थेट आतल्या चिपला देतात. खेळ चालतो, खोके तापत नाही. पण राखणदार गेलेला असतो. जुने गोल भोक तसेच राहिले आणि पुढे कोणी त्यात नऊ व्होल्टची पिन घातली, तर चिप त्याच क्षणी जाते. हा मार्ग धरायचा तर ते भोक बुजवलेच पाहिजे.

नीट जोडलेला नवा चार्जर जुन्या एलिमिनेटरपेक्षा बरा, हे आम्ही खात्रीने म्हणतो. जुन्या एलिमिनेटरात तांब्याच्या वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर असे. उस्तादांनी त्यांच्याकडचा एक ‘नऊ व्होल्ट’चा एलिमिनेटर रिकामा मोजला, तर मीटरवर तेरा आले. उलट संध्याकाळी वीज दबली आणि 230 ची 170 झाली, की त्याच प्रमाणात त्याचे व्होल्टही खाली येतात आणि मारिओ पडद्यावर थरथरू लागतो. आजचा चार्जर 100 ते 240 व्होल्टमध्ये कुठेही तेवढेच देतो. अमेरिकेहून भाच्याने आणलेला गेम इथल्या 230 वर लावताच त्याचा 120 व्होल्टचा अडॅप्टर जळाला, असे ज्या घरांत झाले आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. अट एवढीच की चार्जर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा असावा. भिकार चार्जरमुळे चित्रात तिरक्या रेघा येतात, आणि खरा धोका तर त्याहून मोठा आहे.

युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून मोबाइलसाठी टाइप-सी सक्तीचे केले. आपल्या बीआयएसनेही 2023 मध्ये टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. हे चांगलेच झाले. पण एकच चार्जर सगळ्यांना, हा विचार पुढे येणाऱ्या यंत्रांपुरता झाला आहे. घरात आधीपासून असलेल्या यंत्रांचे काय? त्यांची भूक कुठेच नोंदलेली नाही. पिनचा आकारही आता काही सांगत नाही, कारण एकाच टाइप-सीतून पाचही येतात आणि वीसही.

बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव आहे. इथे जुन्या लूमला नवी मोटर बसते, पण दोन्हीकडच्या पुलींचा व्यास मोजल्याशिवाय कोणी पट्टा चढवत नाही, कारण लूमची गती त्यावर ठरते. नव्या ताकदीवर जुने यंत्र चालवण्याची ही शिस्त या गावाच्या हाताला आहे. तीच विजेच्या बाबतीत पाळायची आहे. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने यंत्र परत देताना त्याच्या पोटावर एक पट्टी चिकटवावी: किती व्होल्ट, किती अँपिअर, एसी की डीसी, मधली पिन कोणती. केंद्र सरकारचा ग्राहक व्यवहार विभाग 2022 पासून दुरुस्तीच्या हक्काविषयी बोलतो आहे. त्या हक्काची पहिली पायरी हीच असावी की ही चार अक्षरे उपकरणाच्या अंगावरच, न पुसणाऱ्या शाईत, छापणे उत्पादकाला बंधनकारक व्हावे. नुसत्या अडॅप्टरवर छापून भागणार नाही.

याच गावात सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानांनी जामा मशीद बांधली. तिच्या भिंतीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. त्यात वंशावळ आहे, बांधकामाची तिथी आहे. कागद गेले, राज्य गेले, तरी ती तिथी आजही वाचता येते, कारण ती वास्तूच्या अंगावरच कोरली होती.

आमच्या गेमच्या पोटावर आता उस्तादांच्या हातची पांढरी पट्टी आहे: ‘9 व्होल्ट, डीसी, मधला मायनस’. वर पारदर्शक टेप लावली आहे, म्हणजे घामाच्या बोटांनी शाई फिसकटणार नाही. आपल्याही माळ्यावर असा खोका असेल तर एलिमिनेटर शाबूत आहे तोवर एवढे आजच करा. त्यावरची ओळ यंत्रावर उतरवून घ्या.