कचेरीतला हिमरू

जालन्याच्या कचेरीत जुन्या धाटणीचा कपडा घालायचा, तर जुने म्हणजे कुठले हे आधी ठरवावे लागते. ‘व्हिंटेज’ म्हणून विकले जाणारे ठिपक्यांचे फ्रॉक आणि रुंद कॉलरचे शर्ट हा या जिल्ह्याचा वारसा नव्हे. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या दरबारी, सरकारी माणसाचा पोशाख शेरवानीचा. बायकांच्या पेटीत नारायणपेठी, इरकली लुगडी आणि खणाच्या चोळ्या. जालना हे नाव एका जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून पडले अशी आख्यायिकाही आहे.

या जुन्यात कचेरीला सगळ्यांत जास्त मानवणारे कापड शेजारच्या औरंगाबादचे, आताच्या छत्रपती संभाजीनगरचे: हिमरू. किनखाबाची नक्कल म्हणून ते विणले गेले. किनखाबात रेशीम आणि जर; हिमरूत उभा धागा सुती आणि आडवा रेशमी. त्यामुळे चमक राहते, पण लग्नाच्या मांडवातली वाटत नाही. नक्षीचे धागे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले असतात. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा त्यांत अडकला की कापड ओढले जाते, म्हणून हिमरूला अस्तर हवेच. अस्तरामुळे ते गरमही होते. वैशाखात पारा चाळिशीपार गेला असताना हिमरूचे जाकीट घालणे ही हौस नव्हे, शिक्षा. त्याचे दिवस मार्गशीर्ष-पौषाचे.

सरकारी नोकरांपुढे नियमाचा प्रश्न असतो. सामान्य प्रशासन विभागाच्या डिसेंबर 2020 च्या परिपत्रकाने जीन्स, टी-शर्ट, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको म्हटले. शुक्रवारी मात्र खादी वापरावी असे सुचवले. नक्षी चित्रविचित्र कधी ठरते, हे साहेबाच्या नजरेवर. तरीही साध्या खादीच्या सदऱ्यावर फिक्या हिमरूचे बिनबाह्यांचे, बंद गळ्याचे जाकीट या चौकटीत सहज बसते. बायकांसाठी एकरंगी सुती साडीवर खणाचा ब्लाउज हा त्याहून सोपा मार्ग. उलट खणाची साडी, खणाचीच पर्स आणि नथ एकाच दिवशी आली, की कचेरीत हळदीकुंकू भरल्यासारखे दिसते. अंगावर जुने एकच असावे, बाकी सगळे आजचे आणि साधे.

आजोबांची शेरवानी घरात असेल तर ती शिंप्याकडे नेण्याआधी खांदे पाहावेत. कंबर आणि बाजू आत घेता येतात, शिलाईत दाब सोडलेला असेल तर सैलही करता येतात. खांदा बसत नसेल तर पुढचा खर्च बहुधा वाया जातो. आजीच्या लुगड्याची घडी उजेडात धरून पाहावी. घडीच्या रेषेवर रेशीम विरलेले असेल तर ते नेसू नये. काठ आणि पदर तेवढे शाबूत असतील, तर त्यांचे जाकीट किंवा ओढणीची किनार होते. चांगले, धड लुगडे फॅशनसाठी फाडणे मात्र अक्षम्य.

जरीला अत्तर आणि ओल सोसत नाही, ती काळी पडते. असे कपडे मलमलीत गुंडाळून ठेवावेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी.

पुरुषांना याहून स्वस्तातले जुने हवे असेल, तर वडिलांच्या कपाटातले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ काढावे. ते चावीचे आहे. सकाळी निघताना किल्ली द्यावी लागते.